ते घरीच आहेत

सायकल भिंतीला टेकवायची, पायजम्याला लावलेली क्लिप काढून खिशात टाकायची, कडी न वाजवता नुसतं खाकरायचं आणि दार उघडलं की विचारायचं, “आपणच का ते?” असा माणूस दारात उभा राहिला की त्या काळच्या नागपुरात घरातली माणसं दोनच तर्क करत. एक तर हा मुलगी पाहायला आलेला आहे, नाही तर साध्या कपड्यांतला पोलीस आहे. पौनीकरजी यांपैकी कोणीच नव्हते. ते आमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांचं पान सांभाळत.

आमचा पेपर राजकारणाचा. कोण कुठं बोललं, कोण कोणावर रुसलं, कोणाचं तिकीट कापलं, यापलीकडे जगात काही घडतं यावर आमचा फारसा विश्वास नव्हता. संत्र्याचा बहार कसा आला याची बातमीसुद्धा आम्ही ‘मंत्र्यांनी बागांची पाहणी केली’ अशी देत असू. अशा पेपराला येणारी पत्रंही तशीच, तापलेली. कोणी आम्हाला अमुक पक्षाचा भोंगा म्हणे, कोणी तमुक पुढाऱ्याचे चमचे म्हणे. संपादकांना ही पत्रं म्हणजे डोकेदुखी वाटे आणि आम्हा उपसंपादकांना करमणूक. ती मनापासून वाचणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच होता.

नुसती वाचून त्यांचं भागत नसे. त्यांचा नियम असा, की पत्र लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन आल्याशिवाय पत्र छापायचं नाही. “पत्र छापीन, पण घर पाहून,” हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की प्रेसमधले खिळे जुळवणारे जुळारी त्यांना मागून ‘घरपाहे’ म्हणत. समोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. अंगानं ते काडी होते, रंगानं काळेसावळे, शर्टाचं गळ्याचं बटण मे महिन्यातही लावलेलं. पण रागावले की आवाज असा लागे, की छपाईचं यंत्र चालू असतानाही खालच्या मजल्यावर कळे, आज कोणाचा नंबर आहे.

ते मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. भाऊ अजून मागावर बसत होता. “तुम्ही का नाही बसलात?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मागावर बसलं का हातपाय हलवा लागते अन् तोंड बंद ठेवा लागते. मले उलटं जमते, बाबू.” ते सगळ्यांना बाबू म्हणत. संपादकांनाही रागाच्या भरात एकदोनदा म्हणून झालं होतं.

नियमामागे कारण होतं. मी पेपरात यायच्या आधीची गोष्ट. इतवारीतल्या एका कापडवाल्याच्या नावानं एका नगरसेवकाविरुद्ध झणझणीत पत्र छापून आलं. दुसऱ्या दिवशी त्या नगरसेवकाची माणसं दुकानावर आली आणि त्यांनी कापडाचे तागे रस्त्यावर फेकले. कापडवाल्यानं बिचाऱ्यानं पत्र लिहिलंच नव्हतं. शेजारच्या दुकानदारानं त्याच्या नावानं लिहून टाकलं होतं. त्या दिवशी पौनीकरजी दुकानात गेले, रस्त्यावरचं कापड झटकून झटकून घड्या घालत बसले आणि येईल त्याला सांगत राहिले की चूक आमची आहे. संध्याकाळी ऑफिसात येऊन त्यांनी संपादकांना बजावलं की यापुढे घर पाहिल्याशिवाय एक ओळ जाणार नाही. संपादकांनी होकार दिला, कारण सायकल पौनीकरजींची होती आणि पायही त्यांचेच होते.

बरं, घरी जाऊन खात्री करून परत यावं, तर तसंही नाही. ते ओट्यावर बसत आणि पत्र त्या माणसाला, त्याच्या घरच्यांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवत. “कागदासमोर माणूस एकटा असते, म्हणून शेर होते,” ते म्हणत. “बायकापोरांसमोर वाचलं का मंग त्याले समजते, आपल्याले खरंच काय म्हणायचं आहे.” यातून फार मजा होई. गांधीबागेतल्या एका दुकानदारानं महापालिकेच्या सदस्यावर दोन पानं आग ओकली होती. पौनीकरजी वाचत दुसऱ्या पानावर आले, तशी आतून त्याची आई म्हणाली, “कोणाबद्दल लिहून राहिला रे? आपला नळ त्यानंच आणून देला ना?” पत्र तिथंच परत गेलं. उलट एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनं चार मिळमिळीत ओळी लिहिल्या होत्या. त्या ऐकून त्याची बायको पदर खोचून बाहेर आली. “एवढंच? काल जेवताना बोलले ते कुठं गेलं? लिहा जी तुम्ही, मी सांगते!” ते पत्र आमच्या पानावर सगळ्यात वर लागलं.

आणि चहा नाही. कोणाच्याही घरी, काहीही झालं तरी, पत्र छापून येईपर्यंत चहा घ्यायचा नाही. “चहा पेल्यावर पत्र गोड लागते,” हे त्याचं कारण. छापून आल्यावर मात्र ते त्या बाजूला गेले की हक्कानं थांबत आणि राहिलेला चहा वसूल करत. नागपुरात त्यांचे असे किती चहा येणं होते, देव जाणे.

हे सगळं करण्यामागे आणखी एक कारण होतं, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. त्यांच्या पत्नीला, अन्नपूर्णाकाकूंना, वाचता येत नव्हतं. रोज सकाळी त्या भाकरी थापत आणि पौनीकरजी चुलीशेजारी पाटावर बसून त्यांना पत्रांचं पान वाचून दाखवत. अग्रलेख नाही, पहिलं पान नाही, फक्त पत्रं. आणि काकूंचा प्रत्येक पत्राला एकच प्रश्न: “कोण होय हा? घरी कोण कोण आहे याच्या?” आता याचं उत्तर घर पाहिल्याशिवाय कसं देणार? “आमच्या पेपराची पहिली वाचक हे,” ते मला अभिमानानं म्हणाले. “इले पटलं का समजायचं, पान बरोबर आहे.” काकू म्हणाल्या, “मले कायले पटते? मले त्या माणसायचं वाटते बाप्पा.”

शनिवारची सकाळ वाचकांची असे. कोणीही यावं, व्हरांड्यातल्या बाकावर बसावं आणि पेपराला शिव्या घालाव्या. संतापून आलेल्या माणसाशी पौनीकरजी वाद घालत नसत. त्याच्या हातात त्या दिवसाचा अंक आणि एक तांबडी पेन्सिल देत. “जे खोटं वाटते ते खोडा. सावकाश खोडा.” मग तो अंक तसाच्या तसा संपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवत. एका निवृत्त स्टेशनमास्तरानं एकदा अंक हातात घेतला आणि पहिल्या पानावरची पहिली बातमी खोडली, मग दुसरी, मग अग्रलेख, मग संपादकांचं नाव. शेवटी अख्ख्या अंकात निधनवार्ता आणि हवामान एवढंच उरलं. संपादक भडकले. पौनीकरजी शांतपणे म्हणाले, “साहेब, दोन गोष्टी तरी खऱ्या निघाल्या. मी तं घाबरून होतो का हवामानही जाते.”

सूचना करणारे तर विचारूच नका. धंतोलीत एक म्हातारे तहसीलदार राहत. ते पंतप्रधानांना सल्ला देणारी लांबलचक पत्रं आमच्या पत्त्यावर पाठवत. आम्ही ती न उघडता बाजूला टाकत असू. पौनीकरजी मात्र त्यांच्याकडे जात, ऐकून घेत आणि पंतप्रधानांना सोडून आपल्यापुरतं काही मिळतं का ते पाहत. एके दिवशी ते उड्या मारतच आले. म्हाताऱ्यानं सुचवलं होतं, की पुढारी आज काय बोलला एवढंच छापू नका, तोच पुढारी मागल्या निवडणुकीत याच विषयावर काय बोलला होता तेही शेजारी छापा. संपादकांना ते पटलं. ‘तेव्हा आणि आता’ या नावानं ते दर आठवड्याला येऊ लागलं आणि लोक पेपर उघडून आधी ते वाचू लागले. पुढाऱ्यांनी शपथा घेतल्या की या पेपराशी बोलणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. संपादकांचं कौतुक झालं. तहसीलदारांच्या घरी जाऊन पौनीकरजी तेवढा चहा पिऊन आले.

पण त्यांची खरी गोष्ट सांगायची तर धकाते गुरुजींचीच सांगायला हवी.

विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. रोज कोणीतरी कोणत्यातरी पक्षात प्रवेश करत होता आणि पक्षांच्या ऑफिसातून आमच्याकडे नावांच्या याद्या येत होत्या. त्या आम्ही जशाच्या तशा छापत असू. कोणाला वेळ होता तपासायला? जागा भरे, पक्ष खूश, ज्यांचं नाव छापून आलं तेही खूश. अशीच एक यादी पाचपावलीकडच्या एका गल्लीची आली. ‘असंख्य कार्यकर्त्यांचा जाहीर प्रवेश’, खाली दोन रकाने भरून नावं. हा पक्ष आमच्या मालकांच्या जवळचा, म्हणून बातमी पहिल्या पानावर.

तिसऱ्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं. धकाते नावाच्या शिक्षकाचं. अक्षर सुंदर, मजकूर दोन ओळींचा: मी कोणत्याही पक्षात प्रवेश केलेला नाही, कृपया तसे छापावे. पौनीकरजींनी क्लिप लावली आणि निघाले.

घर एका खोलीचं. गुरुजी तरुण, दाढी वाढलेली. आत त्यांची बायको चार दिवसांच्या मुलीला घेऊन निजलेली. पौनीकरजींनी पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, “दोनच ओळी काहून लिहिल्या? दाढी तं दोन पानांची वाढली आहे.” तेव्हा सगळं बाहेर आलं. गुरुजी ज्या खाजगी शाळेत होते, तिचे अध्यक्ष नेमके दुसऱ्या पक्षाचे. गुरुजींची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. येत्या रविवारी संस्थेची बैठक होती आणि तीत त्यांना कायम करायचं की काढायचं हे ठरणार होतं. आमची बातमी वाचून अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

“मी सांगितलं जी त्यायले,” गुरुजी म्हणाले. “म्हटलं, त्या प्रवेशाच्या सभेच्या दिवशी मी धंतोलीत होतो, दवाखान्यात, हिच्याजवळ. तं म्हणते, पेपरात आलं ते खोटं कसं? खोटं आहे तं पेपरानं म्हणावं का खोटं आहे. रविवारच्या आत म्हणावं.”

बायको उठून बसली होती. “चहा ठेवू का जी?” तिनं विचारलं.

“छापून आल्यावर,” पौनीकरजी म्हणाले. मग त्या एवढ्याशा पोरीकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाले, “येईनच मी.”

बाहेर पडून त्यांनी सहज शेजारच्या दाराकडे पाहिलं. तिथं शिंप्याच्या दुकानाची पाटी होती आणि पाटीवरचं नाव त्यांना ओळखीचं वाटलं. पिशवीतून अंक काढून पाहिला. धकाते यांच्या पुढचं नाव शिंप्याचंच. शिंप्याला विचारलं, तर त्यालाही प्रवेशाचा पत्ता नव्हता. त्याच्या पुढचं दार, यादीतलं त्याच्या पुढचं नाव. त्याच्या पुढचं दार, त्याच्या पुढचं नाव. असंख्य कार्यकर्त्यांनी घराच्या क्रमानं प्रवेश केला होता! काही जण हसत होते, काहींना वाटत होतं की नाव आलं ते बरंच झालं. पौनीकरजी सायकल हातात धरून चालत गेले ते गल्लीच्या टोकाच्या घरापर्यंत. तिथं एक म्हातारी दारात डाळ निवडत होती. त्यांनी यादीतलं शेवटचं नाव वाचलं आणि विचारलं, “हे आहेत का घरी?”

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “माह्ये मालक ते. जाऊन दोन वर्षं झाले.”

“पेपरात आलं आहे, बाई, का त्यायनं परवा पक्षात प्रवेश केला.”

म्हातारीनं बोटातला खडा बाजूला टाकला. “इथंवर आले असते,” ती म्हणाली, “तं मले भेटल्याशिवाय गेले नसते जी.”

पौनीकरजींनी सायकल भिंतीला टेकवली. ते तिच्याजवळ पायरीवर बसले. तिनंच मग सांगितलं, की त्यांच्या नावानं आता काहीच येत नाही, कागद नाही, पत्र नाही. गणपतीची वर्गणी तेवढी ती अजून त्यांच्याच नावानं देते. पोरं येतात, ती म्हणते, लिहा त्यांचंच नाव. एवढं ऐकल्याबरोबर पौनीकरजी ताडकन उठले. गल्लीतल्या गणेश मंडळाचा चिटणीस त्या पक्षाचा कार्यकर्ता होता. सभेला गल्लीतलं कोणी फिरकलं नव्हतं, म्हणून त्यानं वर्गणीतली नावं घरांच्या क्रमानं उतरवून पक्षाला दिली होती, पक्षानं आम्हाला, आणि आम्ही ती जगाला. त्याचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. तो वर्गणी देत नसे.

ऑफिसात येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. संपादक हसले नाहीत. खुलासा छापायला ते तयार होईनात. माणूस वाईट नव्हता, पण मालकांचा फोन वाजला की उभं राहून बोलणारा होता. “निवडणूक होऊ द्या,” ते म्हणाले. “मग छापू. आत्ता छापलं तर विरोधक हा अंक सभेसभेत फडकवतील. मालकांना मी काय सांगू?”

“रविवारी त्या पोराची नोकरी जाईन, साहेब.”

“एका माणसासाठी अख्खा पेपर तोंडघशी पाडायचा का?”

खालच्या मजल्याला कळेल असा आवाज येणार म्हणून आम्ही मान खाली घातली. पण पौनीकरजी ओरडले नाहीत. ते गप्प उठून गेले, आणि त्यांचं गप्प बसणं पाहून मला प्रथमच भीती वाटली की या वेळी ते हरणार. गुरुजींचं पोस्टकार्ड त्यांच्या टेबलावर तसंच पडून होतं. शुक्रवारी दिवसभर ते ऑफिसला आले नाहीत.

शनिवारी सकाळी मी व्हरांड्यात पाय ठेवला, तर बसायला जागा नव्हती. अख्खी गल्ली आली होती. शिंपी होता, पानठेलेवाला होता, कामावर जाता जाता डबा हातात घेऊन आलेले मिलमधले दोघं होते. धकाते गुरुजी दाढी करून एका कोपऱ्यात उभे होते. आणि बाकाच्या मधोमध पाय वर घेऊन ती म्हातारी बसली होती. पौनीकरजी बातमीचा तोच एक अंक आणि तीच एक तांबडी पेन्सिल घेऊन एकेकाजवळ जात होते. “आपणच का ते? हे तुमचं नाव. गेले होते का पक्षात? नाही? मंग खोडा.” काही जण नाही आले, त्यांची नावं तशीच राहिली. ज्यांना नाव आलेलं आवडलं होतं, त्यांना पौनीकरजींनी आग्रह केला नव्हता.

तो अंक संपादकांच्या टेबलावर गेला, आणि त्याच्या मागोमाग म्हातारीही गेली. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून आलेल्या घरांपैकी तिच्या नवऱ्याचं एवढं एकच नाव खोडायचं राहिलं होतं. संपादक उठून उभे राहिले. मालकांव्यतिरिक्त कोणासाठी ते उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

“तुम्हीच खोडा साहेब,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहिलं ना? लोकं म्हणून राहिले, बुढीनं नवऱ्याचं नाव विकलं. तुम्ही खोडलं म्हणजे मिटलं.”

संपादकांनी पेन्सिल घेतली. नावावर त्यांनी सरळ रेघ मारली, हे मी दारातून पाहिलं. मग त्यांनी खुर्चीत बसून चष्मा काढला आणि पुसला. “पौनीकर,” ते म्हणाले, “याचा फोटो काढून ब्लॉक करायला पाठवा. असाच्या असा. मथळा तुम्ही द्या.”

“अन् मालकायले काय सांगान?”

“सांगेन, वाचकांनी खोडलं.”

रविवारच्या अंकात पहिल्या पानावर त्या जुन्या बातमीचा फोटो आला, नावांवर आडव्यातिडव्या रेघा मारलेला. वर जाड अक्षरात पौनीकरजींचा मथळा होता: ‘हे गृहस्थ कुठंही गेले नाहीत, ते घरीच आहेत.’ खाली दोन ओळींत चूक आमची असल्याचं लिहिलं होतं. त्या दिवशी नागपुरात अंक मिळेनासा झाला. बर्डीवर लोक एकमेकांना भेटले की विचारत होते, “काय गा, गेला का घरीच आहे?”

पौनीकरजींना मात्र हसू येत नव्हतं. रविवारी त्यांची सुट्टी, पण सकाळपासून ते ऑफिसच्या फाटकाशी सायकल उलटी करून बसले होते. साखळी काढत होते, घालत होते. त्या साखळीला काहीही झालेलं नव्हतं. ऊन चढलं तरी ते सावलीत आले नाहीत. दुपार कलल्यावर रस्त्याच्या टोकाला धकाते गुरुजी दिसले. ते पळत येत होते. ते जवळ येऊन थांबले. त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

पौनीकरजींनी तेलकट हात पायजम्याला पुसले. “हे पेढे पोरीचे का नोकरीचे?”

“दोन्हीचे जी,” गुरुजी कसेबसे म्हणाले. “कायम केलं.”

“मंग दोन खातो,” पौनीकरजी म्हणाले, आणि खरोखरच दोन पेढे एकदम तोंडात टाकून त्यांनी रस्त्याकडे पाठ केली. बराच वेळ ते सायकल सुलटी करत होते. नोकरी एका अनोळखी शिक्षकाची होती, पण मला वाटलं, आज आपणही या पेपरात कायम झालो.

सोमवारी त्या पक्षाचा शहर चिटणीस तणतणत आला. पौनीकरजींनी त्याला बाकावर बसवलं, रविवारचा अंक दिला आणि तांबडी पेन्सिल दिली. “जे खोटं असंन ते खोडा. सावकाश.” तो बसून राहिला, पेन्सिल फिरवत राहिला आणि काहीही न खोडता निघून गेला.

पुढे पौनीकरजी निवृत्त झाले. पत्रांचं पान माझ्याकडे आलं. मी स्कूटरवर जात असे, एवढाच फरक. पण पत्रं वाढली, शहर वाढलं, नवे संपादक आले. ते म्हणत, टपालाचा पत्ता बरोबर असला म्हणजे झालं. नियम पाळणं महिन्यामहिन्यानं अवघड होत गेलं. कधी मी जाई, कधी दुसऱ्या कोणाला पाठवी, पण मोडू दिला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला एका सकाळी धकाते गुरुजी ऑफिसात आले. आता ते मुख्याध्यापक झाले होते. दर रविवारी पौनीकरजींना पेपर वाचून दाखवायला जात, कारण त्यांची नजर मंदावली होती. रविवारी लिहून घेतलेलं एक पत्र गुरुजींनी आता माझ्या हातात दिलं. अक्षर गुरुजींचं, मजकूर पौनीकरजींचा: ‘आपल्या अंकात सत्कार समारंभास उपस्थित मान्यवरांमध्ये माझे नाव छापून आले आहे. मी उपस्थित नव्हतो. पडल्यामुळे माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. कृपया खोडावे.’

“तुम्हाला यायची गरज नाही,” गुरुजी म्हणाले. “मी साक्षीला आहे ना.”

मी स्कूटर काढली.

पौनीकरजी अंगणात बाजेवर पडले होते. गळ्याचं बटण लावलेलं. मी स्कूटर भिंतीला लागून उभी केली, खाकरलो आणि विचारलं, “आपणच का ते?”

त्यांनी मान वळवली. आवाजावरून ओळखलं असावं. “आले का?” म्हणाले. “चार दिवसांपासून वाट पाहून राहिलो. म्हटलं, बंद केलं का काय यायनं.” आणि उशीवर डोकं टाकून त्यांनी असा श्वास सोडला, की मला त्या रविवारचं फाटक आठवलं. मी पत्र मोठ्यानं वाचलं. काकू आतून म्हणाल्या, “कोण होय हा? घरी कोण कोण आहे याच्या?” आणि स्वतःच हसल्या. चहा विचारला. मी म्हटलं, “छापून आल्यावर.” पौनीकरजींनी डोळे मिटूनच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक घेऊन मी पुन्हा गेलो. पौनीकरजींना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. एवढीशी ओळ होती, तीही आतल्या पानावर. मी वाचून दाखवली: ‘श्री. पौनीकर कुठंही गेले नव्हते; ते घरीच आहेत.’

त्यांनी अंक हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, जागा बोटानं चाचपली. मग आत तोंड करून खालच्या मजल्याला ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या आवाजात ओरडले, “ऐकलं का वं? पेपरात आलं, मी घरीच आहो!”

“पेपराले आता समजलं का?” काकू आतून म्हणाल्या. “मी तं सकाळपासून चहावर चहा देऊन राहिली.”

“मंग आणखी एक ठेव. याचा चहा राहिला आहे.”

काकूंनी चहा आणला. पौनीकरजींनी तो बशीत ओतला आणि फुंकर मारत अर्धी बशी माझ्याकडे सरकवली. ते घरीच होते, आणि मलाही निघायची घाई नव्हती.